तेल देवासचं, शिकेकाई धारची

खोली दाखवण्याआधी घरमालकांनी मला हेल्मेट काढायला सांगितलं. मी काढलं. मग मान खाली करायला सांगितली. तीही केली, कारण नोकरी नवी होती, गाव नवं होतं आणि त्या दिवशी पाहिलेल्या जागांपैकी नळाला पाणी असलेली ही पहिलीच. त्यांनी बोटाच्या टोकाने माझा भांग दोन्हीकडे सारला, माझं डोकं खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि आत हाक मारली, "धारकर, कोंडा आहे!"

आतून बाईचा आवाज आला, "मग द्या खोली. कुठं जाईल बिचारा."

अशा रीतीने मला देवासात जागा मिळाली. पगार किती, लग्न झालंय का, अंडी खाता का, यातलं काहीच कुणी विचारलं नाही. माझ्याआधी आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी परत पाठवलं होतं, हे मला पुढे कळलं. त्यांचे केस दाट होते. "त्यांना आमची गरज नव्हती," असं त्याचं कारण मला देण्यात आलं.

त्यांना सगळी कॉलनी दाजीसाहेब म्हणायची. ते स्वतः मात्र कुणालाही नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी खातेगावचा, म्हणून मी खातेगावकर. दूधवाला हाटपिपल्या. बायको धारची, म्हणून लग्नापासून ती धारकर. काकू त्यांना 'सरकार' म्हणत. त्या शब्दात आदर किती आणि खवचटपणा किती, याचं प्रमाण रोज बदलायचं. "सरकार, गॅसवर दूध आहे," या वाक्यात आदर अजिबात नसे.

पहिल्याच आठवड्यात मी सवयीने "हो भिया" म्हणून गेलो. आमच्याकडे भिया सगळ्यांनाच म्हणतात, भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खातेगावकर, मी कुणाचा भिया नाही. आमचे पणजोबा थोरल्या पातीच्या दरबारात होते. तेलखात्यावर."

देवासात एकेकाळी एकाच गावात दोन दरबार होते, थोरला आणि धाकटा. दोन्ही जाऊन पंचाहत्तर वर्षं होऊन गेली, पण दाजीसाहेबांपर्यंत ती बातमी पुरती पोचलेली नव्हती. आमच्या घरासमोरचा रस्ता हीच दोन पात्यांची हद्द, अशी त्यांची समजूत होती. कॉलनी सोयाबीनच्या शेतावर त्यांच्या डोळ्यांदेखत वसली होती, तरी समजूत होती. समोरच्या भाभींकडून साखर मागवायची झाली तर ते म्हणत, "धाकट्या पातीत विचारून या." भाभी मूळच्या शाजापूरच्या. आपण कुठल्या पातीत राहतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तर तेलखातं. वीजखात्यात नोकरीला असतानाच दाजीसाहेबांनी हे पणजोबांचं खातं पुन्हा सुरू केलं होतं; निवृत्तीनंतर ते पूर्णवेळचं झालं. मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला एक लोखंडी कढई, एक शेगडी आणि बसायला पाट. तिळाचं तेल हाटपिपल्याच्या घाण्याचं. खोबरेलाला त्या अंगणात प्रवेश नव्हता. "खोबरेल समुद्राकाठच्या लोकांनी लावावं," ते म्हणत. "आपल्याला समुद्र कुठे आहे?" तेलात माका मुख्य. मग आवळा, ब्राह्मी, मेथी आणि जास्वंद. जास्वंद ते सकाळी फिरायला जाताना लोकांच्या कुंपणांवरून गोळा करत. याला चोरी म्हणणाऱ्या एका बाईंना त्यांनी सांगितलं होतं की, कुंपणाच्या बाहेर आलेलं फूल हा दरबारचा सारा असतो.

माक्याची पंचाईत होती. तो उगवतो ओढ्यानाल्याच्या कडेला आणि शेताच्या बांधावर. मी सुट्टीत घरी निघालो की ते जिन्यापाशी उभे असत. "खातेगावकर, येताना माका आणा." आमच्याकडे आता माका राहिलेला नाही, सोयाबीनमधलं तण म्हणून त्याच्यावर फवारा मारतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "तण? माक्याला?" त्या दिवसापासून त्यांनी सोयाबीनच्या तेलात तळलेलं खाणं सोडलं. काकूंनी तेल तेच ठेवून फक्त डबा बदलला, आणि प्रश्न मिटला.

तेल कढवताना बोलायचं नाही, हा नियम. कुणीच नाही. दाराची घंटा वाजली तरी उठायचं नाही. पहिल्यांदा मला वाटलं हा दरबारी थाटाचा भाग आहे. एकदा धीर करून विचारलं, तेव्हा कढई उतरवून झाल्यावर उत्तर मिळालं. पाल्याच्या रसात पाणी असतं. पाणी आहे तोवर तेल तडतडतं. ती तडतड हळूहळू बारीक होते, दूर जाते, आणि मग थांबते. ती थांबणार हे क्षणभर आधी कळलं नाही तर पाला करपतो, आणि थांबायच्या आधी उतरवलं तर तेल महिन्याभरात खवट होतं. "कान लागतो," ते म्हणाले. "तुमचं बोलणं चालू असताना तेलाचं कसं ऐकू येणार?"

कानावरही ते थांबत नसत. कापसाची वात वळायची, तेलात बुडवायची आणि पेटवायची. वात तडतडली तर तेल परत शेगडीवर. शांतपणे जळली तर पास. डोक्याला लावायचं तेल हा माणूस आधी जाळून का बघतो, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं होतं. पण तोवर कढई परत शेगडीवर चढली होती.

तेल विकत मिळत नसे. आपली बाटली घेऊन यायचं, डोकं दाखवायचं, तेल घेऊन जायचं. लोक औषधाच्या बाटल्या आणत, सरबताच्या आणत. एका गृहस्थांनी संकोचत व्हिस्कीची चपटी बाटली पुढे केली, तेव्हा दाजीसाहेब म्हणाले, "बाटलीचा काय दोष," आणि ती भरून दिली. इंदूरला असलेल्या त्यांच्या मुलीने एकदा या सगळ्याचा व्यवसाय करायचं ठरवून लेबलसुद्धा छापून आणलं होतं. त्यावर गुडघ्यापर्यंत केस असलेल्या एका तरुणीचं चित्र होतं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, माझा भांग पाहिला होता तसंच, आणि म्हणाले, "हिनं आपलं तेल लावलेलं नाही." व्यवसाय तिथे संपला.

आता दुसरी बाजू. दाजीसाहेबांच्या तेलाने माखलेलं डोकं धुवायचं खातं काकूंकडे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, संत्र्याच्या वाळलेल्या साली. चैत्राच्या उन्हात गच्चीवर जुन्या साड्यांवर हे सगळं पसरलेलं असे, आणि वरच्या खोलीत राहणारा मी पाय टाकायला जागा शोधत जिन्यापर्यंत जाई. ही विद्या त्यांच्या माहेरची, धारची. शनिवारची संध्याकाळ दाजीसाहेबांची, रविवारची सकाळ काकूंची. भाडेकरूला सूट नव्हती. एक जण आयुष्यभर घालतोय आणि दुसरी आयुष्यभर काढतेय, अशा पायावर उभा असलेला इतका सुरळीत संसार मी दुसरा पाहिला नाही.

"तुमचं काम सोपं," ते म्हणत. "मळ काढायचा."

"मळ कसला, सरकार? तुमचं तेल काढायचं असतं," काकू म्हणत.

त्यांचे स्वतःचे केस मात्र कमरेखाली यायचे, साठीतही. ते कुणामुळे, हा वाद त्या घरात मिटलेला नव्हता आणि मिटवायची कुणाला घाईही नव्हती. काकू नवऱ्याचं तेल लावत, पण भांगावर दोन थेंब, देवाला गंध लावावं तसे.

शिकेकाई दळायला कुठलाच चक्कीवाला तयार नसतो. ठसका लागतो आणि चक्की खराब होते. आमच्या कोपऱ्यावरचा चक्कीवाला वर्षातून एकदा, जात्याचा दगड टाकी लावून खरखरीत करायच्या आदल्या दिवशी, काकूंचं दळण घ्यायचा. त्यानंतर गहू नाही, हे ठरलेलं. एका वर्षी तो गावी गेला आणि भावाला बसवून गेला. भावाने काकूंची शिकेकाई दळली, रिठा दळला, आणि पाठोपाठ समोरच्या भाभींचे गहू. त्यांच्या पाठोपाठ आणखी चार घरांचे.

दुपारी भाभी हातात पीठ लागलेली परात घेऊन रस्ता ओलांडून आल्या. "दाजीसाब! आटा गूँथ री हूँ तो झाग आ रिया है! ये रोटी बनेगी के साबन?"

दाजीसाहेबांनी पिठाचा वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला. कडू होतं. "धारकर," त्यांनी आत हाक मारली, "तुमचा कारखाना धाकट्या पातीत पोचला!"

पाच घरांत त्या दिवशी खिचडी झाली. काकूंनी सगळ्यांना नवे गहू दळून दिले, आणि भाभींनी ते खराब पीठ टाकून न देता त्याने आठवडाभर भांडी घासली. भांडी चांगली निघतात असं त्यांचं मत पडलं.

पणजोबांच्या तेलखात्याचा उलगडा मला धारला झाला. काकूंच्या भाच्याचं लग्न होतं आणि दोघांना गाडीने घेऊन मी गेलो होतो. जेवणात दाल-बाफले, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. बाफला तुपात बुडवता बुडवता काकूंचे थोरले भाऊ, अण्णासाहेब, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय दाजी, चालू आहे का तेलखातं? खातेगावकर, ठाऊक आहे ना तुम्हाला? यांचे पणजोबा मशालजी होते. मशालीवर तेल ओतायचे. त्याला हे तेलखातं म्हणतात."

पंगत हसली. मला एकदम ती वात आठवली, आणि ती का पेटवतात हे कळलं. मशालीतून वीजखात्यात, म्हणजे घराण्याने धंदा बदललेलाही नव्हता. मी दाजीसाहेबांकडे पाहायचं टाळलं.

ते मात्र शांतपणे बाफला मोडत होते. "खरं आहे," ते म्हणाले. "पण अण्णासाहेब, अंधारात महाराजसुद्धा मशालजीच्या मागनंच चालतात."

परतीच्या वाटेवर देवासची टेकडी दिसायला लागल्यावर काकू म्हणाल्या, "अण्णाचं टक्कल बघितलंत? धारच्या शिकेकाईनं काही वाचलं नाही हो त्याचं." दाजीसाहेबांनी खिडकीची काच खाली केली आणि वारा घेतला. माझ्या देखत काकूंनी माहेरचं काही हरल्याचं कबूल केलं, ते तेवढं एकदाच.

काकूंना गाठ निघाली ती पुढच्या हिवाळ्यात. ऑपरेशन इंदूरला झालं आणि मग किमो. डॉक्टर तरुण होता. केस जातील, असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. दाजीसाहेबांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे चालेल?" डॉक्टर म्हणाला, "नका लावू. सध्या डोक्याला काहीच लावू नका. त्वचा नाजूक झालेली असते." मी शेजारी उभा होतो. आता पणजोबा येणार, याची मी वाट पाहिली. दाजीसाहेबांनी बाटली परत पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "बरं."

केस गेले ते उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीवर. शेवटी काकूंनीच न्हाव्याला बोलवा म्हणून सांगितलं. धारहून अण्णासाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू येत होता. "नवरा जिवंत असताना बाईचं डोकं भादरायचं? घराण्यात कधी झालं नाही असं!"

"जिवंत आहे म्हणूनच विचारतोय तिला," दाजीसाहेब म्हणाले. "ती हो म्हणाली." आणि फोन ठेवला.

भाभींनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं की अशा वेळी नवरेही आपलं डोकं तासून घेतात. त्यांनी तसं सुचवलं. दाजीसाहेबांनी स्वतःच्या दाट, पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "तिला टायफॉइड झाला तेव्हा मी काही टायफॉइड घेतला नव्हता," ते म्हणाले. आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी.

कढई त्यांनी उलटी घालून ठेवली होती. कॉलनीत कुजबुज होती, आणि कुजबुज तशी रास्तच होती. ज्या माणसाने सगळ्या कॉलनीचे केस सांभाळल्याचा दावा केला, त्याच्या घरातलं डोकं उघडं होतं, आणि तो तेल लावत नव्हता. म्हणजे तेलात काही नाही किंवा माणसात काही नाही. बाटल्या घेऊन येणारे कमी झाले. जे येत त्यांना ते दारातूनच सांगत, "तेल बंद आहे."

एका दुपारी मी काकूंची औषधं घेऊन खाली गेलो. त्या खाटेवर सुती रुमाल बांधून बसल्या होत्या, आणि दाजीसाहेब संत्रं सोलत होते. साली वेगळ्या ठेवत होते, वाळवायला.

"सरकार," काकू म्हणाल्या, "दोन थेंब लावा ना."

"कशाला?"

"भाभी येईल आत्ता. तिला दिसू दे. बाहेर काय बोलतात ते मला ऐकू येतं. दोन थेंबांनी काय मरते मी? नाव राहील तुमचं."

या बाईने चाळीस वर्षं ते तेल धुऊन काढलं होतं.

दाजीसाहेबांनी संत्र्याची फोड तिच्या हातात दिली. "नाव डोक्याला लावत नसतात, धारकर. खा."

भाभी आल्या, दोन शेजारणींना घेऊन आल्या. एकीने कांद्याचा रस आणला होता, एकीने मोहनखेड्याच्या तीर्थावरून कुणी दिलेली कसलीशी पूड. दाजीसाहेब उठून दारात उभे राहिले. पूड त्यांनी कपाळाला टेकवून देव्हाऱ्यात ठेवली. कांद्याचा रस परत केला.

"फिर अपना ही तेल लगाओ ना, दाजीसाब," भाभी म्हणाल्या. त्या खरोखर कळवळून बोलत होत्या. "सबके उगाए, इनके नी उगाओगे?"

दाजीसाहेब चौकटीला धरून उभे होते. पंगतीत लोक हसले होते तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"तेल से बाल उगते नहीं, भाभी," ते म्हणाले. "किसी के नहीं उगे. जो हैं वो ठीक रहते हैं, बस."

शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. भाभींचा हात आपोआप स्वतःच्या वेणीकडे गेला.

"तो इतने साल हम क्या लगा रए थे?"

"तेल," दाजीसाहेब म्हणाले.

त्यानंतर बाटल्या येणं पूर्ण थांबलं. मी दर शनिवारी संध्याकाळी सवयीने जिना उतरायचो आणि पाटावर कुणी नसल्याचं पाहून परत वर जायचो. दाजीसाहेब काकूंना घेऊन इंदूरला जात, परत आणत, रुमाल धुऊन दोरीवर वाळत घालत. जास्वंदीचा सारा बंद होता. कॉलनीतली कुंपणं त्या वर्षी लालभडक झाली होती.

किमो संपल्यावर काही आठवड्यांनी काकूंच्या डोक्यावर लव आली. राखाडी, मऊ, कोंबडीच्या पिलासारखी. डॉक्टर म्हणाला, आता लावा हवं ते. कॉलनीने मात्र आपला निकाल आधीच लावला होता. दाजीसाहेबांनी लपून तेल लावलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते नाही म्हणतात ही त्यांची नम्रता. या माणसाच्या अंगी नम्रता असल्याचा आरोप पहिल्यांदाच होत होता. रस्त्यापलीकडून बाटल्या पुन्हा यायला लागल्या, आणि पूर्वीपेक्षा मोठ्या.

"मी सांगितलं होतं ना, उगवत नाहीत म्हणून," दाजीसाहेब भाभींना म्हणाले.

"हाँ हाँ, सुना था," भाभी म्हणाल्या आणि बाटली पुढे केली.

पण पहिली कढई कुणाच्या बाटलीसाठी नव्हती. त्या शनिवारी त्यांनी ती उलटीची सुलटी केली, घासली, शेगडीवर ठेवली. माका कुठून आणला होता कुणास ठाऊक. बोटं काळी झाली होती. काकू खुर्ची घेऊन अंगणात बसल्या, मी जिन्याच्या पायरीवर. कुणी बोललं नाही. तेल तडतडत राहिलं, मग बारीक झालं, मग दूर गेलं. त्यांनी कढई उतरवली, वात पेटवली. ती सरळ आणि गप्प जळली. तेल कोमट झाल्यावर त्यांनी काकूंचा रुमाल सोडला आणि उजेडाकडे डोकं वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोंडा आहे की नाही, ते या वेळी बोलले नाहीत. मग तळहातावर तेल घेऊन लावायला लागले. दोन थेंब नव्हे. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

सकाळी मी वर गच्चीवर दात घासत होतो. खाली अंगणात काकू पाटावर बसून शिकेकाईने डोकं धूत होत्या, आणि दाजीसाहेब तांब्याने पाणी घालत होते. इतकं घासू नका, असं ते दोनदा म्हणाले. त्या घासतच होत्या. फेस नाल्यातून वाहत बाहेर रस्त्याकडे, धाकट्या पातीकडे चालला होता.

"निघालं?" त्यांनी शेवटी विचारलं.

काकूंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. चाचपून पाहिलं.

"तेल निघालं," त्या म्हणाल्या. "केस आहेत."